सतरा नंबरचं घर

आमच्या आरोग्य केंद्रात अंगठ्याची हजेरी सुरू झाली, तेव्हा त्या यंत्रानं एकाच माणसाला ओळखायला नकार दिला. त्या म्हणजे मोठ्या सिस्टर. बाकी सगळ्यांचे अंगठे एका दमात लागले. शिपायाचा लागला, माझा लागला, डॉक्टरसाहेबांचा तर इतका झटकन लागला की त्यांचा चेहराच उतरला, कारण उशिरा यायची सोय त्या क्षणी संपली. सिस्टरनी उजवा अंगठा ठेवला, लाल दिवा. डावा ठेवला, पुन्हा लाल. त्यांनी हात उलटा करून स्वतःची बोटं बघितली आणि म्हणाल्या, "लहानपणी ऊस तोडलाय मी. पाचटानं रेघा नेल्या सगळ्या. ह्या बिचाऱ्या डब्याचा काय दोष?"

डॉक्टरसाहेब म्हणाले, "जाऊ द्या सिस्टर, तुम्ही आपली रजिस्टरवर सही करत जा."

दुसरं कोणी असतं तर पेढे वाटले असते. सिस्टर म्हणाल्या, "कावून? यंत्र ठेवलंय ना? मंग त्यानंच वळखलं पायजे मला."

त्यानंतर रोज सकाळी सिस्टर त्या यंत्रापुढं उभ्या राहायच्या. एक दिवस बोटांना खोबरेल लावून, एक दिवस चुलीची राख चोळून, एक दिवस नुसती लुगड्याच्या पदराला पुसून. आम्ही चहा पीत पीत तो तमाशा बघायचो. शिपाई पैज लावायला तयार होता. बाराव्या दिवशी डाव्या हाताची करंगळी लागली. हिरवा दिवा लागला आणि आतली बाई "धन्यवाद" म्हणाली. सिस्टरनी त्या डब्यावर एक थाप मारली आणि म्हणाल्या, "वळखलंस बे एकदाचं!"

आमच्याकडं 'बे' हा पुरुषांनी पुरुषांना लावायचा शब्द. बाईमाणसाच्या तोंडी तो कुणी ऐकत नाही. सिस्टर मात्र तो सगळ्यांना लावायच्या. शिपायाला, सरपंचाला, लसीच्या फ्रीजला, त्यांच्या स्कूटीला आणि मला. डॉक्टरसाहेबांना तेवढा लावत नसत, पण लावायची इच्छा चेहऱ्यावर स्पष्ट दिसायची. त्यांनी एखाद्याला 'अहो' म्हटलं की समजावं, त्याच्यावर त्यांचा राग आहे.

मी तिथं कंत्राटी डेटा ऑपरेटर. बीडला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, केंद्रातल्या एकमेव पंख्याखाली बसणारा, आणि म्हणून स्वतःला फार शहाणा समजणारा. आमचं केंद्र शिरूर कासार तालुक्यात. दसरा झाला की इकडची गावं रिकामी होतात. ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या जोडून माणसं ऊसतोडीला जातात. भांडी, शेळ्या, कोंबड्या, अंगावरची पोरं, सगळं घेऊन. मागं राहतात म्हातारी माणसं. सिस्टरचं उपकेंद्र अशाच एका गावात होतं आणि त्या तिथल्याच दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या; हजेरीपुरत्या रोज सकाळी स्कूटीनं केंद्रात यायच्या. मुलगी चौसाळ्याला दिलेली, नवरा फार पूर्वी गेलेला.

मग टॅब आले. सहा उपकेंद्रांच्या सहा सिस्टर, प्रत्येकीला एक. आता रजिस्टर नाही, गावातल्या प्रत्येक घराची, प्रत्येक पोराची नोंद यातच करायची, असा वरून हुकूम. मला वाटलं होतं, कोण भांडेल, कोण रडेल. तसं काहीच झालं नाही. सगळ्यांनी गोड हसून टॅब घेतले आणि आपापल्या पद्धतीनं बाजूला ठेवले. एकीनं तो नवा राहावा म्हणून प्लास्टिकसकट कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. एकीचा टॅब तिचा नवरा चालवायचा. उरलेल्या तिघी महिनाभर वहीत लिहायच्या आणि महिनाअखेरीला माझ्यासमोर वह्या टाकून म्हणायच्या, "भाऊ, तेवढं भरून टाका ना." मी भरायचो. कागदोपत्री आमचं केंद्र शंभर टक्के डिजिटल होतं.

सिस्टरनी पहिल्या दिवशी टॅब घरी नेला, जुन्या वाकळीचा तुकडा कापून त्याची पिशवी शिवली, तिला गळ्यात अडकवायला बंद लावले, आणि दुसऱ्या दिवशी सगळी रजिस्टरं माझ्या टेबलावर आणून आदळली. "ही ठिव तुज्यापाशी. मला आता नगं."

मी म्हणालो, "राहू द्या की सिस्टर, असावीत जवळ. यंत्राचा काय भरवसा?"

"दोनदा लिवलं की त्यातलं एक खोटं हुतं बे," त्या म्हणाल्या. "एकदाच लिवायचं. माणसासमोर लिवायचं."

हे त्यांचं सूत्र होतं, आणि ते त्या शब्दशः पाळायच्या. एप्रिलच्या उन्हात टॅब तापून बंद पडला, तर वाकळीची पिशवी ओली करून रांजणाजवळ लिंबाच्या फांदीला टांगायच्या आणि खाली बसून राहायच्या. घरातली बाई म्हणायची, "सिस्टर, तुमी जावा, मंग भरा." सिस्टर म्हणायच्या, "न्हाई. तिचं डोकं शांत हुईस्तवर बसते." टॅब त्यांच्या लेखी बाईमाणूस होता, आणि तापट होता.

पण त्यांनी यंत्र मानलं म्हणजे त्याचं सगळं ऐकलं, असं कुणी समजू नये. एवढं भांडताना मी कुणाला पाहिलेलं नाही. पहिल्याच प्रशिक्षणात जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं, "काही शंका?" सगळ्या सिस्टर घड्याळाकडं बघत होत्या. या उठल्या.

"साहेब, जे माणूस घरी न्हाई ते कुठं लिवायचं?"

साहेब म्हणाले, "सोपं आहे. इथं 'स्थलांतरित' असा पर्याय आहे. त्यावर बोट ठेवा. ते नाव तुमच्या यादीतून निघून जातं. उलट तुमची टक्केवारी सुधारते."

"निघून जातं म्हंजी कुठं जातं?"

साहेब हसले. "ते तुमच्या काळजीचं नाही."

"गेलं म्हंजी मेलं का?" सिस्टर म्हणाल्या आणि खाली बसल्या. खोलीत थोडं हसू झालं. मीही हसलो. मागच्या रांगेत बसून हसायला फार अक्कल लागत नाही.

त्या दसऱ्यानंतर पाच सिस्टरनी 'स्थलांतरित'वर बोट ठेवलं. पोरं यादीतून निघाली, टक्केवारी वर चढली. मोठ्या सिस्टरनी एकही नाव काढलं नाही. त्यामुळं मासिक बैठकीत भिंतीवर तक्ता उमटला की पाच गावं हिरवी आणि यांचं गाव लालभडक. गावात नसलेल्या पोरांची लस बाकी, असं ते लाल. दर महिन्याला त्यांना उभं करायचे. दर महिन्याला त्या उभ्या राहायच्या, पदर खोचून, ऐकून घ्यायच्या आणि बसायच्या. एकदा तर नोटीस आली. ती त्यांनी वाचली, घडी केली आणि वाकळीच्या पिशवीत टॅबच्या मागं ठेवली.

त्या काय करत होत्या ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. टोळ्या निघायच्या दिवशी त्या पहाटेपासून फाट्यावर उभ्या राहायच्या. खांद्यावर लसीचा डबा, गळ्यात वाकळ. प्रत्येक ट्रॅक्टर थांबवायच्या. ज्यांचं लसीचं वय झालंय त्या पोरांना तिथंच टोचायच्या, आणि ज्यांचं व्हायचंय त्यांच्या मुकादमाचा मोबाईल नंबर घ्यायच्या. मुकादम म्हणजे टोळी नेणारा माणूस. तोडणाऱ्या माणसांचे फोन रिचार्ज संपला की बंद पडतात, सिम बदलतात. मुकादमाचा नंबर कधी बदलत नाही. बदलून त्याला परवडत नाही. नंबर घेतला की सिस्टर लगेच लावायच्या आणि मुकादमाच्या खिशात तो वाजेपर्यंत हलायच्या नाहीत.

"वाजल्याबिगर नंबर खरा न्हाई," त्या म्हणायच्या.

आता हा नंबर टॅबमध्ये कुठं घालणार? रकानाच नव्हता. पत्त्यात गावाबाहेरचं काही चालायचं नाही. शेरा लिहायला जागा नव्हती. तेव्हा त्यांनी 'घर क्रमांक' या रकान्यात मुकादमाचा नंबर घातला. यंत्राला तिथं आकडे हवे होते, आकडे मिळाले, त्यानं मुकाट्यानं घेतले. सिस्टरना विचारलं असतं तर त्यांनी सरळ सांगितलं असतं. त्यांनी एकदा पुढं मला सांगितलंही, "आमी ऊसाच्या फडावर असताना आमचा पत्ता म्हंजी मुकादमच. माझी माय सांगायची, हरवलीस तर गावाचं नाव नगं सांगू, मुकादमाचं नाव सांग."

पण मी विचारलं नाही.

दसऱ्यानंतर आठवड्यानं जिल्ह्याहून मला एक यादी आली. 'घर क्रमांक चुकीचा', एकेचाळीस नोंदी, सगळ्या सिस्टरच्या गावच्या, आज पाचच्या आत दुरुस्त करा. मी बघितलं तर घराचा नंबर दहा आकडी. मला इतकं हसू आलं! म्हटलं, म्हातारीनं चुकून फोन नंबर भरले वाटतं. फोन उचलून त्यांना विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी एकेचाळीस दहा आकडी नंबर पुसले आणि एक, दोन, तीन करत एकेचाळीसपर्यंत ओळीनं घरं लावून दिली. चहा यायच्या आत काम झालं. वरून शाबासकीचा मेसेजही आला.

मंगळवारी सिस्टर बैठकीला आल्या. टॅब उघडून माझ्यापुढं धरला.

"ही आरोही," त्या म्हणाल्या. "आठ महिन्याची. घर नंबर सतरा. आमच्या गावात सतरा नंबरचं घर कोणतं बे?"

मी मोठ्या उत्साहानं सांगितलं की मी तुमच्या चुका दुरुस्त केल्या.

त्यांनी टॅब वाकळीच्या पिशवीत घातला. बैठक संपल्यावर मला म्हणाल्या, "चला." त्यांच्या स्कूटीवर मागं बसवून मला गावात नेलं. तोपर्यंत मी त्या गावाची सगळी माहिती यंत्रात पाहिली होती, गाव मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. गल्लीच्या गल्ल्या बंद. दाराला कुलूप आणि कुलपापुढं बाभळीच्या काट्याची फांदी आडवी, जनावर शिरू नये म्हणून. एका दारापुढं त्या थांबल्या. तिथंही कुलूप, तिथंही काटे.

"हे तुमचं सतरा नंबर," त्या म्हणाल्या. "मारा हाक."

मी कुलपाकडं बघितलं.

"मारा ना. आरोहीला पुढच्या महिन्यात गोवराची लस द्यायचीय. नऊ महिने झाल्याबिगर देता येत न्हाई, म्हणून फाट्यावर देता आली न्हाई. तिच्या बापाचा फोन बंद हाय. मुकादमाचा नंबर हुता, तो फकस्त ह्यातच हुता. वहीत न्हाई, कागदावर न्हाई, आन माझ्या बटणाच्या फोनात मागचे धाच नंबर ऱ्हातात. यंत्रावर भरोसा ठेवलता, ऑपरेटर साहेब. तुमच्यावर बी ठेवलता."

'ऑपरेटर साहेब' आणि 'तुम्ही'. त्या दिवसापासून त्यांनी मला 'बे' म्हणणं सोडलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या. हे सहन होईना.

मी जिल्ह्याला फोन करून विचारलं, जुन्या नोंदी परत काढता येतील का. ते म्हणाले, दुरुस्त झालेलं कशाला बिघडवता? मग पुढचे तीन दिवस मी त्यांच्या मागं मागं त्या गावात फिरलो. आणि तिथं मी असं काही पाहिलं जे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. ज्या घरात म्हातारा किंवा म्हातारी मागं राहिली होती, त्या घरात चुलीच्या वर किंवा दाराच्या आत, भिंतीवर, कोळशानं मुकादमाचा नंबर लिहिलेला होता. म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, पण शेजारच्या कुणाला तरी बोलावून लावायला सांगता येतो. मी भिंतीवरचे आकडे वाचायचो, सिस्टर फोन लावायच्या. पलीकडं रिंग झाली की मान हलवायच्या आणि मग मी नोंद करायचो. माझ्या हातून, त्यांच्यासमोर, एकदाच. काही घरांत भिंत नुकतीच सारवलेली होती, तिथं आम्ही त्याच टोळीतल्या दुसऱ्या घराची भिंत गाठली.

असे चाळीस नंबर मिळाले. आरोहीचा मिळाला नाही. तिची आजी उन्हाळ्यातच वारली होती, त्यामुळं घरात मागं कुणी राहिलेलं नव्हतं आणि भिंतीवर काही लिहायचं कारणही नव्हतं. शिवाय ते कुटुंब बाहेरगावच्या टोळीत गेलेलं, गावातून एकटंच. मुकादम कुठला, कारखाना कोणता, कुणालाच नक्की सांगता येईना. कुणी म्हणे सांगलीकडं, कुणी म्हणे कर्नाटकात.

सिस्टरनी टॅबमध्ये आरोहीच्या नावापुढचा सतरा आकडा पुसला आणि रकाना रिकामा ठेवला. यंत्र रिकामा रकाना घेईना, रोज लाल अक्षरात ओरडायचं. त्या रोज तो ओरडा बघायच्या आणि मलाही दाखवायच्या.

पुढच्या महिन्यात कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास बातमी आली. डॉक्टरसाहेब तेव्हा कपिलधारला यात्रेच्या ड्युटीवर गेलेले. दूरच्या एका कारखान्याच्या भागातून तिथल्या डॉक्टरांचा फोन आला, की एका फडावर गोवराची पोरं निघालीत, टोळ्या तुमच्या तालुक्यातल्या आहेत, तुमची लस न झालेली पोरं कुठं कुठं आहेत ते आजच्या आज सांगा. गोवर कोपीतून कोपीत जातो. पाचटाच्या त्या झोपड्यांत दोन वीत अंतर असतं. लहान लेकराला तो छातीत उतरला तर हातात वेळ राहत नाही.

मी पाच हिरव्या गावांच्या याद्या उघडल्या. एकही पोर बाहेर नव्हतं. सगळी पोरं 'स्थलांतरित' होऊन यंत्रातून केव्हाच निघून गेली होती. शंभर टक्के काम झालेली पाच गावं, आणि त्यांतलं एकही पोर कुठं आहे ते कुणाला माहीत नाही. मग मी लालभडक गाव उघडलं. चाळीस घरं, चाळीस फोन नंबर.

मी कपिलधारला फोन लावला. यात्रेच्या गोंगाटात साहेबांना दोनदा ओरडून सांगावं लागलं. ते एवढंच म्हणाले, "सिस्टर सांगतील तसं करा."

सिस्टर आल्या, व्हरांड्यात फतकल मारून बसल्या आणि पाचही जणींना फोन करून म्हणाल्या, "ते टॅबचे डबे घेऊन या बे. प्लास्टिकातून काढून आणा."

ज्या बायकांचं महिनाअखेरीला माझ्याशिवाय पान हलत नव्हतं, त्या पाचजणी एका दुपारी सिस्टरशेजारी व्हरांड्यात ओळीनं बसल्या. प्लास्टिक फाडलं गेलं. जिचा टॅब नवरा चालवायचा तिनं त्याला घरी पाठवलं आणि स्वतः बोट लावलं. हेतू कळला होता, म्हणून हात शिकायला वेळ लागला नाही. एकजण जुन्या वहीतून पोराचं नाव काढून गावात फोन करायची आणि भिंतीवरचा नंबर वाचून घ्यायची, दुसरी तो लावायची, तो वाजला की तिसरी भरायची. मी प्रत्येक कारखान्याच्या भागातल्या सरकारी दवाखान्याचा नंबर शोधून त्यापुढं लावत होतो. पूर्वी अशा कामाला पत्र जायचं, स्मरणपत्र जायचं, तोवर हंगाम संपायचा. त्या दिवशी दिवे लागायच्या आत शेवटची यादी गेली. संस्था चपळ कशी होते यावर आम्हाला कोर्समध्ये एक अख्खा धडा होता. मी तो पाठ केला होता आणि चांगले मार्क मिळवले होते. त्या व्हरांड्यात मला कळलं की मला त्यातलं काही समजलेलं नव्हतं. यंत्रं तर आमच्याकडं दीड वर्षापासून होती. कमी होती ती सिस्टरसारखी माणसं, ज्यांनी ते यंत्र आपलं मानलं आणि आपलं म्हणून त्याच्याशी भांडण धरलं.

फक्त आरोही राहिली.

नऊ महिने तिला तीन दिवसांपूर्वी पूर्ण झाले होते. ती कोणत्या फडावर आहे आणि त्या फडावर गोवर आहे की नाही हे जगात कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि ते माझ्यामुळं. मी सिस्टरना तसं म्हणालोही. म्हणालो, "पोरीला काही झालं तर माझ्यामुळं."

"हो," त्या म्हणाल्या. "आता रडू नका, काम करा."

त्यांनी मुकादमांना पुन्हा फोन लावले आणि विचारलं, ऊस वाहणाऱ्या ड्रायव्हरांचे काही गट असतात का. असतात. कारखान्याच्या वजनकाट्यावर किती गाड्यांची रांग आहे ते एकमेकांना कळवायला ड्रायव्हर लोकांचे व्हॉट्सॲपवर गट असतात, प्रत्येक कारखान्याचा वेगळा. सिस्टर म्हणाल्या, लिहिलेलं कुणी वाचत नाही, मी बोलते. मी फोन धरला, त्या बोलल्या. गावाचं नाव, आरोहीच्या आईबापाचं नाव, आणि मग: "लेकरू नऊ महिन्याचं हाय. गळ्यात काळा दोरा, उजव्या भुवईवर डाग. ज्याच्या फडावर असंल त्यानं ह्या नंबरावर फोन करायचा. कुणावर केस न्हाई, कुणाला दंड न्हाई. लस राहिलीय फक्त. मी सिस्टर बोलते, मी बी कोपीत वाढलेली हाय."

मुकादमांच्या ड्रायव्हरांमार्फत तो आवाज गटागटांतून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर भाकरी खात होत्या तेव्हा फोन आला. बोलणारा कर्नाटकाच्या हद्दीजवळचा एक ट्रॅक्टर ड्रायव्हर.

"सिस्टर, तुमची आरोही आमच्या फडात हाय."

"ताप हाय का?"

"न्हाई."

"अंगावर पुरळ? डोळं लाल?"

"न्हाई वो. चांगली ऊस चघळत बसलीय."

"तुज्या मुकादमाचा नंबर दे," सिस्टर म्हणाल्या, "आन फोन ठिवू नगंस."

तिथल्या दवाखान्याची सिस्टर त्याच संध्याकाळी फडावर गेली. आमच्या फोनवर फोटो आला. उजव्या दंडावर कापूस दाबलेला आणि आरोहीनं तोंडाचा एवढा मोठा आ केलेला. मोठ्या सिस्टरनी तो फोटो कितीतरी वेळ बघितला. पुढच्या चार दिवसांत त्याच भागातल्या दोन कोप्यांत गोवर निघाला. आरोहीला काही झालं नाही.

फोटो बघून झाल्यावर त्यांनी गळ्यातली वाकळ काढली, टॅब माझ्या हातात दिला आणि आरोहीच्या नावापुढचा रिकामा रकाना दाखवला. मुकादमाचा नंबर त्यांनी तोंडपाठ केला होता. एकेक आकडा सांगत म्हणाल्या, "लिव बे."

मी त्या व्हरांड्यात, शिपायासमोर, रडलो. मला त्याची लाज वाटत नाही.

पुढच्या हंगामात जिल्ह्याहून नवा तक्ता आला. त्यात 'मुकादम संपर्क' असा नवा रकाना होता. साहेबांनी बैठकीत तो मोठ्या अभिमानानं दाखवला आणि म्हणाले, आमच्या टीमनं बराच अभ्यास करून हा आणला. मी उठून बोलणार होतो. सिस्टरनी माझा शर्ट धरून खाली ओढलं. त्यांच्या वाकळीच्या पिशवीत ती नोटीस तेव्हाही होती, टॅबच्या मागं, पाटीला पुठ्ठा असावा तशी.

त्या रिटायर झाल्या आणि चौसाळ्याला मुलीकडं गेल्या. जावयाचं हायवेला लागून दुकान आहे. जाताना टॅब परत करावा लागला. वाकळीची पिशवी त्यांनी नव्या सिस्टरना दिली. नव्या सिस्टर हुशार आहेत, त्यांचं बोट माझ्यापेक्षा भराभर चालतं. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "सर, तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी मोजायचंय. गावात एकच नाव बाकी दिसतंय. मोठ्या सिस्टरचं. त्या तर गेल्या ना इथून, स्थलांतरित करून टाकू?"

मी म्हणालो, "राहू द्या. ते नाव माझ्याकडं."

तेव्हापासून आमचं ते गाव एका नावापायी लाल दिसतं, आणि बैठकीत "एक बाकी कोण?" असं विचारलं की मी उभा राहतो. दर तीन महिन्यांनी रविवारी बीपीचं यंत्र पिशवीत घालून चौसाळ्याला जातो, तेव्हा ते हिरवं होतं. मग पुन्हा तारीख येते आणि पुन्हा लाल.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा त्या दुकानामागच्या पडवीत तूर निवडत बसल्या होत्या. अंगानं वाळल्या आहेत. मला बघून म्हणाल्या, "एवढ्या लांब दंडाला पट्टी बांधायला कावून येतो बे? फोनवर इचारून भरायचं की."

"फोनवर बीपी कळत नाही," मी म्हणालो. "खोटं भरत नाही मी."

त्या खूश झाल्या, पण तसं दाखवलं नाही. मी बीपी मोजलं, त्यांच्यासमोर भरलं. त्यांनी टॅब मागितला, डोळ्यांजवळ नेला आणि स्वतःची नोंद वरून खालपर्यंत वाचली. घर क्रमांकाच्या रकान्यापाशी थांबल्या. तिथं मी त्यांचा मोबाईल नंबर भरला होता. दहाच्या दहा आकडे त्यांनी बोट ठेवून मोजले.

"वाजवून बघितलास का?"

"नाही."

"मंग वाजव."

मी फोन लावला. त्यांच्या कमरेच्या पिशवीत तो वाजायला लागला. त्यांनी उचलला नाही, नुसता वाजू दिला, माझ्याकडं बघत.

"हाय बे," त्या म्हणाल्या. "लिव."